दोड्डप्पा तळ्याकडे निघालेत

त्या सकाळी होसकेरे मळ्यातले दोड्डप्पा घरातून निघून गेले आणि पहिला पाऊण तास त्यांना कुणी शोधलंच नाही. यात लोकांची चूक नव्हती. दोड्डप्पा आले असं ऐकलं की हातातलं काम टाकून उलट दिशेनं चालू लागायचं, हे दोन वर्षं मीच सगळ्यांना शिकवलं होतं.

दोड्डप्पा म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. होसकेरेच्या तिम्मेगौडांना त्यांचा पुतण्या यतीश दोड्डप्पा म्हणतो, म्हणून घरातले, मजूर, पोस्टमन, सगळेच म्हणतात. वय एकोणऐंशी. अलीकडे त्यांना कालचं आठवत नाही, चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या वाफ्यात कुठली रोपं लावली ते आठवतं. आणि मी भोंग्यावरून रोज ज्यांना दोड्डप्पा म्हणत होते, तो हत्ती होता.

मळेवाल्यांच्या संघाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. हत्तींच्या येण्याजाण्याच्या वाटांवर झाडांना तेवीस कॅमेरे बांधलेत. प्रत्येकात एक सिमकार्ड, वर ताटाएवढी सौरपट्टी. समोरून उबदार अंगाचं काही गेलं की कॅमेरा फोटो काढून पाठवतो. यंत्र तो फोटो बघून ठरवतं की हा हत्ती, ही गाय, हे वाहन, हा माणूस. मी पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत बसते आणि यंत्रानं ज्याला हत्ती म्हटलं तो खरंच हत्ती आहे का ते बघते. धुकं असलं की यंत्र म्हशीला हत्ती म्हणतं. एकदा ताडपत्री घातलेल्या ट्रॅक्टरला म्हणालं होतं, तेही ब्याण्णव टक्के खात्रीनं. फोटो खरा असला की मी माझ्या आवाजात निरोप भरते, तो मजुरांच्या फोनवर आणि नऊ भोंग्यांवर जातो. दिवसाला चारेकशे फोटो होतात. डोळ्यांत घालायचे थेंब टेबलावरच असतात.

कॅमेऱ्यांच्या आधीच्या तीन वर्षांत आमच्या पट्ट्यात हत्तींनी चार माणसं मारली. नंतरच्या तीन वर्षांत एक. इतक्या लहान आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, असं मला एम.एस्सी.ला शिकवलंय. तरी पहाटे उठताना मी ते आकडे मनात म्हणते.

तो एक म्हणजे चेन्नय्या. होसकेरेत कॉफीतोडणीला येणाऱ्या होन्नम्माचा दीर. तेव्हा निरोप वेळेवर गेला होता. मी नोंदी काढून पाहिल्या, तर एकशे चाळीस फोनांपैकी एकतीसवरच तो शेवटपर्यंत ऐकला गेला होता. बाकीच्यांनी पहिल्या शब्दाला बंद केला. मी होन्नम्माकडे जाऊन विचारलं.

"सकाळी सकाळी नाव घेता तुम्ही त्याचं," ती म्हणाली. "नाव घेतलं की येतो. कोण ऐकेल?"

"मी नाव घ्यायच्या आधीच तो आलेला असतो, होन्नम्मा. म्हणून तर घेते."

"ते तुम्हाला माहीत. त्याला माहीत आहे का?"

मग काय म्हणू असं विचारल्यावर तिथल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या आणि होन्नम्मा म्हणाली, "दोड्डप्पा म्हणा." मला वाटलं, जंगलातल्या मोठ्याला मान द्यायची जुनी रीत असेल. मी वहीत तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात निरोप शेवटपर्यंत ऐकणारे एकशे बावीस झाले.

त्याच दिवशी होन्नम्मानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. मळ्यात संडास नाही, बायका तळ्याच्या वाटेवरच्या घाणेरीच्या झुडपांमागे जातात आणि तिथं आता कॅमेरा आहे. तेव्हा मी यंत्राला नियम घालून दिला की माणसाचा फोटो मला दाखवायचा नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि चोवीस तासांनी पुसायचा. ते फोल्डर मी उघडणार नाही, असं मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं. तिनं हात पुसला नाही की दाबला नाही. नुसता ठेवू दिला.

तर ती डिसेंबरातली सकाळ. सहा वाजून पाच मिनिटांनी नऊ नंबरच्या कॅमेऱ्यावर एकटा नर आला. उजवा दात अर्धा तुटलेला, माझ्या यादीतला सातवा. तोंड होसकेरेच्या तळ्याकडे. सहा दहाला मी निरोप सोडला, "दोड्डप्पा तळ्याकडे निघालेत. तळ्याच्या वाटेला कुणी जाऊ नये." नंतर चहा केला. सातपर्यंत गाईच गाई आल्या. दहा नंबरवर सहा अठ्ठावन्नला तोच नर पुन्हा दिसला, सावकाश, भाताच्या पेंढ्या खात.

साडेसातला यतीशचा फोन आला.

"वनजक्का, दोड्डप्पा दिसले का तुम्हाला?"

"दिसले ना. सहा अठ्ठावन्नला, दहा नंबरवर. एकटेच आहेत. उजवा दात तुटलेला."

"आमच्या दोड्डप्पांचे सगळेच पडलेत, अक्का. मी घरातल्या दोड्डप्पांचं विचारतोय. अंथरुणात नाहीत. मी पावणेसातलाच मजुरांच्या फोनवरच्या गटावर बोललो, दोड्डप्पा घरातून गेलेत, तळ्याकडे दिसले तर सांगा म्हणून. पन्नास माणसं शोधतायत, तरी सापडत नाहीत."

मी खिडकीतून बघितलं. होसकेरेचं खळं माझ्या खोलीतून दिसतं. खळ्यावर कुणी नव्हतं. कॉफी पसरलेली, फावडी आडवी पडलेली. गोदामाचं दार आतून लावलेलं, आणि वरच्या झरोक्यातून दोन डोकी बाहेर बघत होती.

"यतीश, कुणी शोधत नाही," मी म्हणाले. "सगळी गोदामात बसलीत."

"का?"

"तुम्ही दोड्डप्पा तळ्याकडे असं सांगितलंत म्हणून."

त्याला कळायला वेळ लागला नाही. शिवी दिली त्यानं, ती मला नसावी. मग एकदम लहान मुलासारख्या आवाजात म्हणाला, "अक्का, खरंच तळ्याकडे गेले असतील तर?"

ते कळायचा एकच मार्ग होता. कॅमेऱ्यांसमोरून माणूस गेला असेल तर त्याचा फोटो असणारच, फक्त मी तो न बघायचं कबूल केलं होतं. फोल्डरमध्ये सहाशे बारा फोटो होते. मी शोधायचा पट्टा लहान केला. कॅमेरे अकरा आणि बारा, सहा दहानंतरचे. उरले अडतीस. एकेक उघडत गेले.

कामावर येणाऱ्या बायका होत्या त्यात. साडीवर पुरुषी सदरा घालतात, डोक्याला फडकं. सदऱ्यावरून ओळखू येतात. सातव्या फोटोत होन्नम्माचा निळ्या चौकटीचा सदरा होता, झुडपाजवळ. मी बघितलं नाही असं म्हणणार नाही, बघितल्याशिवाय पुढे सरकवता येत नाही. पुढे सरकवलं. तेविसावा फोटो बारा नंबरचा, सहा एक्केचाळीस. माकडटोपी, तपकिरी स्वेटर, एक हात पाठीमागे. एका पायात चप्पल नाही. मळ्याची पाहणी करायला निघालेला माणूस चालतो तसे ते चालले होते.

बारा नंबरच्या पुढे पंपघर आहे आणि त्याच्यापुढे तळं. परत येतानाचा फोटो नव्हता. म्हणजे ते तिथंच होते, आणि सातवा नर बांधाच्या दुसऱ्या बाजूनं तिकडेच चालला होता.

हत्तींवर पाळत ठेवणाऱ्यांची जीप तेव्हा दुसऱ्या टोकाला होती, यायला चाळीस मिनिटं. मी भोंग्याचं बटण दाबलं. दोड्डप्पा हा शब्द आता निरुपयोगी झाला होता. दुसरा शब्द दोन वर्षं तोंडातून काढलेला नव्हता.

"मी वनजाक्षी बोलतेय. नीट ऐका. होसकेरेचे तिम्मेगौडा हरवलेत. माणूस. हत्ती नव्हे. सहा एक्केचाळीसला पंपघराकडे गेलेत. हत्तीही तळ्यावर आहे. कुणी डबे वाजवू नका, फटाके लावू नका, तो बिथरून पंपघराकडे वळेल. बांधावरून जाऊ नका. पंपघराला वरून जायची वाट ज्याला माहीत आहे, त्यानं यतीशला भेटा."

हत्ती हा शब्द नऊ भोंग्यांवरून दोनदा गेला. टेकडीवर आपटून परत आला तेव्हा मलाही तो नको वाटला.

गोदामाचं दार उघडलं. थोड्या वेळानं यतीशचा फोन आला. मागे होन्नम्माचा आवाज.

"अक्का, वाट आहे," तो म्हणाला. "मला माहीतच नव्हती. झुडपांमागून सरळ पंपघराच्या पाठीशी उतरते."

"तुम्हाला कशी माहीत असेल?" होन्नम्मा मागून म्हणाली. "तुमच्या घरात संडास आहे."

"फोन बंद करू नका," मी सांगितलं. "मी थांबा म्हटलं की थांबायचं. का ते विचारायचं नाही."

बारा नंबरच्या कॅमेऱ्याला सांगून एकेक फोटो मागवता येतो. ढगाळ सकाळी बॅटरी अर्धी आणि सिग्नल कमी, त्यामुळे एका फोटोला वीस सेकंद लागतात. वीस सेकंदांत हत्ती किती चालतो, हे मला पाठ आहे. पहिल्या फोटोत नुसतं धुकं. दुसऱ्यात धुकं आणि पंपघराचा पत्रा. तिसऱ्यात पत्र्याच्या डावीकडे राखी रंगाचा एक चढ, जो आधीच्या फोटोत नव्हता.

"थांबा."

ते थांबले. फोनमध्ये फक्त श्वास. मी फोटो मागवत राहिले. हत्ती पाणी पीत होता, पाठ कॅमेऱ्याकडे. त्याच्यापासून पंपघर तीस पावलांवर. आठ दोन, आठ तीन, आठ पाच. पंपघराच्या दाराशी तपकिरी काहीतरी होतं. ते हलत होतं की नाही, हे वीस सेकंदांच्या फोटोंवरून सांगता येत नव्हतं. मी यतीशला ते सांगितलं नाही.

"अक्का, किती वेळ?"

"थांबा."

"वाऱ्याचं बघताय का?" होन्नम्माचा आवाज अगदी हळू आला. "वारा आमच्याकडे येतोय. शेणाचा वास येतोय. त्याला आमचा नाही जाणार."

हे मला कुठल्याच कॅमेऱ्यावरून कळलं नसतं. आठ तेराला राखी चढ फोटोतून गेला. आठ वीसला तेरा नंबरवर सातवा नर दिसला, पलीकडच्या अंगानं वर चढताना, शेपटी सैल. यंत्र म्हणालं, सत्त्याण्णव टक्के. मी म्हणाले, "जा आता."

ते दाराशी पायरीवर बसलेले सापडले. अनवाणी पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून.

दुपारी माझी पाळी संपल्यावर मी होसकेरेला गेले. दोड्डप्पा ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. पाय गरम पाण्याच्या घंगाळात, हातात गुळाची कॉफी. मला बघून त्यांनी ओळखल्यासारखी मान हलवली.

"आवाजावरून ओळखलं," ते म्हणाले. "भोंग्यावरची बाई ना तुम्ही?"

"हो. दोड्डप्पा, इतक्या थंडीचं तळ्यावर कशाला गेलात?"

"आता मलाच विचारा. तुम्हीच सांगितलंत ना? दोड्डप्पा तळ्याकडे निघालेत. साऱ्या गावाला ऐकू गेलं. मी अजून अंथरुणात. म्हटलं, लोक काय म्हणतील? निघालं पाहिजे." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "तिथं गेलो तर कुणी नाही. एक हत्ती तेवढा होता. बराच वेळ थांबला बिचारा."

यतीश हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्यांच्या घरासमोरच्या वळणावर तिसऱ्या नंबरचा भोंगा आहे. तो तिथं बसवावा म्हणून नकाशावर खूण मीच करून दिली होती.

खळ्यावर होन्नम्मा फावड्यानं कॉफी उलटी करत होती. मी जवळ गेले तरी थांबली नाही.

"हत्तीला त्यांचं नाव तुम्हीच दिलंत," मी म्हणाले. "मला वाटलं, जुनी रीत आहे."

"जुनीच आहे. ते मळा बघायचे तेव्हापासूनची. न सांगता यायचे, कुणाच्याही परड्यात शिरायचे, फणस उचलून न्यायचे, आणि बोलायची सोय नाही. आम्ही आपसात म्हणायचो. तुम्ही भोंग्यावर लावलंत. वर्षभर हसलो आम्ही." मग फावडं उभं करून ती त्यावर टेकली. "सहा एक्केचाळीस म्हणालात. घड्याळ बघितल्यासारखं."

"उघडलं मी फोल्डर."

"आम्ही होतो त्यात?"

"होतात. तुम्हीही. झुडपाजवळ उभ्या होतात, तेवढंच. पुढे सरकवलं."

तिनं फावडं पुन्हा हातात घेतलं. "म्हाताऱ्यासाठी उघडलंत ते बरोबर केलंत," ती म्हणाली. "पण आता उघडतं ते, हे कळलं. उद्या दुसऱ्या कशासाठी उघडेल. तुम्ही नसाल, दुसरी कुणी बसेल तिथं."

मी नाही म्हणू शकले असते. ते खरं ठरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा नंबर काळा झाला. बॅटरी ठीक, सिग्नल ठीक, फोटो येत होते आणि सगळे काळे. मोठा करून बघितला तर काळ्यात विणीच्या बारीक रेघा दिसल्या. डोक्याला बांधायचं फडकं होतं. दुरुस्तीवाल्याला कळवायचं असतं. मी कळवलं नाही. दुपारी स्वतः गेले. होन्नम्मा झाडाखालीच बसली होती, डबा खात. बहुतेक वाट बघत होती.

"मी काढलं तर?" मी विचारलं.

"मी परत बांधेन. माझ्याकडे सात फडकी आहेत."

"चेन्नय्या याच वाटेवर गेला, होन्नम्मा."

"मला सांगता ते?"

मी तिच्याजवळ बसले. तिनं डब्याच्या झाकणात भाकरीचा तुकडा आणि सुक्या मासळीची चटणी घालून पुढे केली. खाऊन झाल्यावर मी झाडाला शिडी लावली, फडकं सोडून तिच्या हातात दिलं आणि कॅमेऱ्याचा स्क्रू सैल केला.

"कुठं वळवू ते तुम्ही सांगा. फोटो माझ्या फोनवर येईल. तुम्ही झुडपामागे जा."

"आत्ता?"

"नुसतं उभं राहायला."

ती पदर खोचून घाणेरीमागे गेली. मी फोटो मागवला. वीस सेकंद. निळ्या चौकटी स्पष्ट दिसत होत्या. मी कॅमेरा दोन बोटं डावीकडे वळवला.

"दिसते का?"

"खांदा दिसतोय."

"खांदा काय कामाचा. वळवा अजून."

पुन्हा वीस सेकंद. पुन्हा थोडं. पाचव्या फोटोत नुसती वाट होती, तळ्याचा काठ आणि पलीकडचे सिल्व्हर ओक. हत्ती वाटेनं आला तर दिसणार. होन्नम्मा नव्हती. मात्र उजव्या कोपऱ्यातला, पंपघराला उतरणारा फाटाही फोटोबाहेर गेला होता. शिडीवरून उतरून मी तिला फोटो दाखवला.

"आता इकडून पंपघराकडे कुणी उतरलं तर मला दिसणार नाही," मी म्हणाले. "बारा नंबर आहे, पण त्याची बॅटरी कधी असते, कधी नसते."

तिनं फोन जवळ धरून बघितलं, बोटानं कोपऱ्यातली रिकामी जागा पुसल्यासारखी केली.

"तिथं आम्ही असतोच," ती म्हणाली. "तिथलं आम्ही बघू. काही दिसलं तर फोन करू. तुम्ही उचला म्हणजे झालं."

मी स्क्रू घट्ट केला. ती फडकं डोक्याला बांधत होती.

"आणि त्याला काय म्हणायचं आता?" मी विचारलं. "भोंग्यावर."

"असा माणूस शोधा, जो मळ्यात कधीच येत नाही. म्हणजे घोळ होणार नाही." तिनं गाठ मारली. "ते तुमचे बंगळुरूचे साहेब. पहिल्या दिवशी कॅमेऱ्यांना हार घालून गेले ते."

वहीत लिहून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला खोली उघडली, डोळ्यांत थेंब घातले. सहा वीसला अकरा नंबरवर सातवा नर आला, नव्या कोनात, पूर्ण. मी बटण दाबलं आणि सांगितलं की साहेब तळ्याकडे निघालेत, त्या वाटेला कुणी जाऊ नये. मग फोन उलटा न ठेवता सुलटा ठेवला, होन्नम्माचा आला तर दिसावा म्हणून, आणि पुढचा फोटो उघडला. गाय होती.